नकाशातली कोरी जागा

ग्रिमेट आणि इन्स्किप दाम्पत्य यांच्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या मार्गदर्शिकेत (दुसरी आवृत्ती, २०११) चित्रांबरोबर नकाशे आहेत, ही मोठीच सोय. पण नकाशातला रंग नोंदींवरून भरलेला असतो. कोरी जागा म्हणजे ‘पक्षी नाही’ असे नव्हे. पायातले कडे प्रवासाची दोनच टोके सांगते. २०१३ मध्ये नागालँडात तीन अमूर ससाण्यांवर उपग्रह-प्रक्षेपक बसवले, तेव्हा मधली वाटही कळली : भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे.

शिरोळच्या विद्यार्थ्याने शेतावर अनोळखी शिकारी पक्षी टिपला, तर ‘पुस्तकात नाही’ म्हणून ती नोंद आपण खोडू नये, असे आम्हांस वाटते. तारीख, जागा, वर्णन मागावे. एकदाच दिसला तर तो भरकटलेला असेल. डिसेंबर ते फेब्रुवारी दिसत राहिला, तर मुक्कामी.