उकल आहे का, आणि एकच आहे का?

(साखरा, जि. हिंगोली येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पॉलिमरच्या द्रवांचं गणित आणि तत्त्वज्ञानाचा मास्तर, ही जोडी तुम्हाला विजोड वाटेल. पण या गणितातला पहिला प्रश्न आमच्याच घरचा आहे. समीकरण मांडलं, की गणिती विचारतो: याला उकल आहे का? असली तर एकच आहे का? 'अस्तित्व आणि एकमेवता' हे शब्द पुस्तकांत एका श्वासात येतात. माझी हरकत त्यांच्यामधल्या 'आणि'ला आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांची उत्तरं नकारार्थी आली तर दोष एकाच ठिकाणी शोधायचा नसतो.

आधी वस्तू बघू. तुमच्या शेतातली ठिबकची नळी घ्या. पॉलिथिनचे दाणे वितळवून तो रस डायच्या फटीतून दाबून बाहेर काढतात. बाहेर पडताना तो फटीपेक्षा जाड फुगतो. साध्या द्रवात इतका फुगवटा दिसत नाही. पॉलिमरमध्ये लांबच लांब साखळ्या असतात. डायमध्ये त्या ताणल्या जातात आणि सुटल्यावर पुन्हा आखडू पाहतात. म्हणजे या द्रवाला आठवण असते. वेग फार वाढवला तर त्याच मालाचा पृष्ठभाग खरखरीत होतो. कारखानदाराला हे आधी कळायला हवं. त्यासाठी मॉडेल लागतं.

जेम्स ओल्ड्रॉइड या ब्रिटिश गणितज्ञाने १९५० साली असं एक मॉडेल दिलं. त्याचं चित्र सोपं आहे: प्रत्येक साखळी म्हणजे स्प्रिंगने जोडलेले दोन मणी. प्रवाह स्प्रिंग ताणतो आणि ताणलेली स्प्रिंग उलट प्रवाहावर जोर लावते. पाण्याच्या बाबतीत सुरुवातीचा वेग सांगितला की पुढचं समीकरणावर सोडता येतं. इथे सुरुवातीचा वेग पुरत नाही, साखळ्यांतला सुरुवातीचा ताणही सांगावा लागतो. इतिहास सांगितल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही.

आता न्यायशास्त्राकडे या. लक्षणाचे दोष तिथे फार नेमके सांगितलेत. 'जिचा खूर अखंड ती गाय' म्हणाल तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. 'जिला शिंगं ती गाय' म्हणाल तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. समीकरण म्हणजे काही लक्षण नव्हे, पण त्यालाही असंख्य कल्पनीय प्रवाहांतून एक निवडून दाखवायचा असतो. एकही सापडला नाही तर एक तऱ्हेची अडचण, दोन सापडले तर दुसऱ्या तऱ्हेची.

पहिली अडचण ओल्ड्रॉइडच्या मॉडेलमध्ये उघड दिसते. द्रव एकाच दिशेने सतत खेचा. खेचण्याचा दर गुणिले द्रवाचा आठवण-काळ, हा गुणाकार अर्ध्यावर पोहोचला की स्थिर ताण अनंत होतो. त्यापुढे स्थिर उकल नाही. निसर्गात मात्र काहीही अनंत होत नाही. दोष स्प्रिंगचा आहे: ती कितीही ताणली तरी तुटत नाही आणि संपतही नाही. नंतरच्या मॉडेलांनी स्प्रिंगच्या लांबीला मर्यादा घातली आणि ही अनंतता गेली. उकलीचा अभाव इथे मॉडेलविरुद्धची साक्ष ठरला.

पण ही साक्ष नेहमी इतकी स्वच्छ नसते. संगणक आले तेव्हा एक डोकेदुखी उभी राहिली. हाच आठवण-काळ आणि प्रवाहाचा दर यांच्या गुणाकाराला वायसेनबर्ग अंक म्हणतात. तो जरा वाढला की आकडेमोड कोसळायची. कोसळलं काय? उकल, की आपली हिशेबाची रीत? फटाल आणि कुप्फरमन यांनी २००४ मध्ये ताणाशी निगडित राशीचा लॉगरिथम घेऊन हिशेब करायची रीत दिली आणि बरीच गणितं पुढे सरकली. म्हणजे दोषाचा मोठा वाटा हिशेबाचा होता. तोवर कित्येक वर्षं गेली. अस्तित्वाचं प्रमेय हाताशी नसलं की ही वाटणी करता येत नाही, म्हणून ते लागतं. ती काही गणित्यांची हौस नव्हे.

प्रमेयं आहेत, पण अटींसकट. गिलोपे आणि सो यांनी १९९० मध्ये थोड्या काळापुरतं अस्तित्व दाखवलं. लिओन्स आणि मस्मूदी यांनी २००० मध्ये सर्वकाळ टिकणारी दुर्बल उकल दाखवली, पण मॉडेलच्या एका खास रूपासाठी. कॉन्स्टंटिन आणि क्लीगल यांनी २०१२ मध्ये द्विमितीत मोठी मजल मारली, पण ताण आसपास पसरवणारं एक पद समीकरणात ठेवून. त्या पदाला साखळ्यांच्या भौतिकीत आधार आहे, हे खरं. पण अभियंते बहुधा ते नगण्य म्हणून वगळतात. मग सिद्ध झालं एका समीकरणाबद्दल आणि वापर चालला दुसऱ्याचा! ते पद नसलेल्या ओल्ड्रॉइडच्या मूळ मॉडेलचा त्रिमितीतला, मोठ्या सुरुवातीच्या ताणाचा प्रश्न अजून खुला आहे.

आता एकमेवता. इथे आपल्या पुण्याचं उदाहरण आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले योगेश जोशी, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००० साली भिंतीवरून घसरणाऱ्या पॉलिमरचं मॉडेल प्रसिद्ध केलं. काही साखळ्या भिंतीला चिकटलेल्या असतात, बाकीच्या त्यांच्यात गुंतलेल्या. ताण वाढला की चिकटलेल्या सुटतात किंवा गुंता मोकळा होतो. अशा मॉडेलांत भिंतीजवळ ताण आणि वेग यांचा आलेख सरळ चढत नाही. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मग त्याच ताणाला एकाहून अधिक वेग बसतात. डायमध्येही असंच घडतं: ठराविक ताणाशी प्रवाह एकदम उसळी घेतो. दाब वाढवत नेला तर एक वाट, कमी करत आणला तर दुसरी.

हा मॉडेलचा दोष म्हणायचा का? माझ्या मते नाही. स्थिर अवस्था दोन असतील. पण सुरुवातीचा ताण पुरता सांगितला तर पुढची वाट एकच असू शकते. एकमेवता हरवलेली नसते, आपण इतिहास विचारायला विसरलेलो असतो. उलट, जबरदस्तीने एकच उत्तर देणारं मॉडेल इथे खोटं ठरेल.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी अभिमानाने म्हणालं की 'आमच्या समीकरणाला एकमेव उकल आहे', तर दोन गोष्टी विचारा. कुठल्या समीकरणाला, वापरातल्या की सोयीसाठी बदललेल्या? आणि एकमेव ती कशी, इतिहास धरून की सोडून? एवढं विचारायला डॉक्टरेट लागत नाही. प्रश्न असतील तर आता घेऊ.