मुखवटा ओढला, तेव्हा...

मुलांच्या कार्टूनची समीक्षा म्हटले की आपल्याकडे अनेकांना हसू येते. परंतु मुले जे तासन् तास डोळे विस्फारून पाहतात, त्याची चिकित्सा मोठ्यांनी करायची नाही तर कोणी करायची? या भूमिकेतून 'स्कूबी-डू ऑन झोंबी आयलंड' या १९९८ च्या अमेरिकन चित्रपटाचा विचार करावासा वाटतो.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या मूळ मालिकेचा साचा ठरलेला होता. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी हे चार तरुण आणि स्कूबी हा भित्रा कुत्रा. कुठेतरी भूत दिसते, पळापळ होते, शेवटी भुताचा मुखवटा ओढला जातो आणि आतून पैशाला किंवा जमिनीला हपापलेला एखादा माणूस निघतो. भीतीच्या आड माणसाचा स्वार्थ असतो, हा धडा कोणत्याही शिक्षकाला आवडावा असाच आहे. पुढे १९८५ च्या एका मालिकेत खरी भुते आली, पण ती हसवण्यापुरती.

१९९८ चा चित्रपट मात्र हा साचा गांभीर्याने मोडतो. खोट्या भुतांना कंटाळून विखुरलेली ही मंडळी खऱ्या भुताच्या शोधात अमेरिकेच्या दक्षिणेतील लुइझियाना राज्यात जातात. लीना नावाची तरुणी त्यांना एका बेटावर, सिमोन या मालकिणीच्या हवेलीत नेते. रात्री दलदलीतून प्रेते उठतात. फ्रेड सवयीने एकाचा मुखवटा ओढायला जातो आणि डोकेच त्याच्या हातात येते. वर्षानुवर्षांची खात्री एका क्षणात कोसळते.

मग मूळ धडा खोटा ठरला काय? माझ्या मते नाही. उलट तो अधिक खोल गेला. कारण ही भेसूर प्रेते मारायला आलेलीच नसतात. ती पूर्वीच्या बळींची असतात आणि नव्या पाहुण्यांना सावध करू पाहत असतात. खऱ्या मारेकरी म्हणजे आदबीने मेजवानी देणाऱ्या सिमोन आणि लीना. दोनशे वर्षांपूर्वी समुद्री चाच्यांनी त्यांच्या वस्तीतील माणसांना दलदलीत हाकलून मगरींच्या तोंडी दिले. सूड घेण्यासाठी या दोघींनी शक्ती मागितली आणि त्या मांजररूपी राक्षसिणी बनल्या. चाचे मेले, परंतु शापाची भूक भागेना. जगण्यासाठी दरवर्षी ठराविक पौर्णिमेला निरपराधांचे प्राण लागू लागले. जुलूम सोसलेला माणूस सूडाच्या वाटेने कधी जालिम होतो, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. एवढे कटू सत्य मुलांच्या चित्रपटाने सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणजे येथेही नकाब आहेच. फक्त तो भुताच्या चेहऱ्यावर नसून सभ्य माणसाच्या चेहऱ्यावर आहे. ज्याचा चेहरा भेसूर तोच गुन्हेगार, असे ठरवून टाकणाऱ्यांना हा चित्रपट चांगलीच चपराक देतो. चेहरा, पेहराव पाहून माणसाबद्दल निकाल देणारे समाजात कमी नाहीत. मुलांनी एवढे जरी उचलले, तरी पुष्कळ झाले.

तरीही एक गोष्ट खटकते. प्रेतांच्या गर्दीत चाचे आहेत, पर्यटक आहेत, अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामगिरी टिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या दक्षिणेचे सैनिकही आहेत. परंतु त्या युद्धापर्यंत लुइझियानाचे मळे ज्यांच्या घामावर उभे होते, ते आफ्रिकन गुलाम कोठे आहेत? बेटावर मिरचीचा मळा आहे, जुनी हवेली आहे; मात्र तेथे कोण राबले, हे कोणी विचारत नाही. बाहुल्यांद्वारे माणसाला वश करण्याची जादूही दाखवली आहे. ज्या व्हूडूच्या नावावर ती खपवली जाते, तो गुलामांनी आफ्रिकेतून आणलेल्या श्रद्धांतून घडलेला धर्म आहे, याची जाणीव कथेत नाही. इतिहासातील बळींना उठवून बोलते करणाऱ्या चित्रपटाने सर्वांत मोठ्या बळींनाच मातीखाली ठेवावे, ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

म्हणून हा चित्रपट मुलांना जरूर दाखवावा. अगदी लहान मुले घाबरतील, त्यांना सोबत घेऊन बसावे. आणि संपल्यावर भुते खरी असतात का, एवढेच विचारून थांबू नये. आणखी एक सवाल करावा : या बेटावर कोणाची भुते दिसली नाहीत?