ट्रॅकवर गाणारी पिढी

जळगाव आणि धुळ्यात गेल्या काही वर्षांत गाण्याचे जे हौशी कार्यक्रम वाढले, त्यांतले बहुतेक साठी ओलांडलेल्या पुरुषांचे आहेत. निवृत्त बँकवाले, शिक्षक, डॉक्टर, वकील, रेल्वेतली माणसं. कधी नाट्यगृह, कधी मंगल कार्यालय, कधी कुणाची गच्ची, आणि थंडीत शेतातली भरीत पार्टी. एक लॅपटॉप, छोटा मिक्सर, दोन स्पीकर आणि कराओके ट्रॅक एवढ्यावर संध्याकाळ उभी राहते. या मंडळींविषयी मला मनापासून आस्था आहे. उभं आयुष्य नोकरी-संसारात गेल्यावर माईक हातात घ्यायचं धाडस सोपं नसतं. पण ‘या वयात गातात हेच खूप’ असं म्हणून त्यांना सोडून देणं हा त्यांच्या गाण्याचा अपमान आहे. कला म्हणून ते गाणं आज कुठे उभं आहे, हे बोलायलाच हवं.

ही पिढी ज्याला ‘आपली जुनी गाणी’ म्हणते, त्यातला मोठा हिस्सा म्हणजे पाश्चात्त्य पॉप आणि रॉकचा हिंदी अवतार. थेट इंग्रजी गाणं खानदेशात आलं ते फार थोड्या वाटांनी. भुसावळ ही त्यांतली जुनी वाट. रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, आणि अशा रेल्वेगावांत रेल्वे इन्स्टिट्यूटमधले नाच, नाताळातले ग्रामोफोन हे नेहमीचं होतं. स्वातंत्र्यानंतर देशभरातून ही कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली, आणि त्यांच्याबरोबर तो कानही गेला. दुसरी वाट रेडिओ सिलोनची. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीनं चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली आणि श्रोते सिलोनकडे वळले. तिथे पाश्चात्त्य गाण्यांची ‘बिनाका हिट परेड’ आधीच लोकप्रिय होती. तिच्याच धर्तीवर १९५२च्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. म्हणजे ज्या कार्यक्रमानं या पिढीचा कान घडवला, त्याचा साचाच पाश्चात्त्य होता.

खरा राजरस्ता मात्र सिनेमाचा. त्यावरचं पहिलं मोठं नाव आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’त (१९५१) गोव्याच्या चिक चॉकलेटचा वाद्यवृंद घेतला आणि भगवानदादांच्या पावलांना स्विंगची लय दिली. शंकर-जयकिशनकडे वाद्यसंयोजन सांभाळणारे सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचेच. पुढे थेट चालीच येऊ लागल्या. १९६५च्या ‘भूत बंगला’त मन्ना डे यांच्या आवाजातलं ट्विस्ट चबी चेकरवरून आलं. त्याच वर्षी ‘जानवर’मध्ये बीटल्स आले, ‘झुक गया आसमान’मध्ये (१९६८) एल्व्हिस प्रेस्ली आला, ‘शोले’त (१९७५) डेमिस रूसोस, ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये (१९७७) ॲबा. चाली उचलल्या आणि श्रेय दिलं नाही, हे खरंच. त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण धुळ्याच्या थिएटरात बसलेल्या पोराला ड्रमसेट, बेस गिटार आणि ट्रम्पेटचे फटके एकत्र ऐकू आले ते याच गाण्यांतून, आणि त्याच्या अंगात जी लय शिरली ती अस्सल होती.

मुंबईत नंदू भेंडे यांच्यासारखा मराठी गायक रॉक बँडमधून ‘तीन पैशाचा तमाशा’त (१९७८) आला आणि मराठी रंगभूमीवर रॉकचा आवाज घुमला. तो धागा खानदेशापर्यंत पोचला नाही.

सिनेमातून अंगात शिरलेल्या त्या लयीचं आजच्या कार्यक्रमात काय होतं? मी बऱ्याच संध्याकाळी मागच्या रांगेत बसून हे ऐकलं आहे. पहिली गोष्ट खटकते ती निवड. उडत्या चालीची गाणी कमी, संथ आणि दर्दभरी जास्त. कारण सरळ आहे: संथ गाण्यात पडद्यावरचे शब्द वाचायला वेळ मिळतो. ट्विस्टमध्ये वाचत बसलं की ठेका निघून जातो. दुसरी गोष्ट इकोची. माईकवर इतका इको चढवतात की प्रत्येक शब्दाचं शेपूट पुढच्या मात्रेवर लोळतं आणि मात्रांमधला ठेका ऐकूच येत नाही. तिसरी पट्टीची. ‘भो, ओरिजिनल स्केलमध्येच लाव’ हा हट्ट. सत्तरीतल्या माणसानं ट्रॅक दोन सूर खाली घेतला तर त्यात कमीपणा कसला? उलट आवाज मोकळा होतो, शब्दांना रंग येतो. आणि युगलगीतांसाठी बाईचा आवाज ठेवलेला ट्रॅक लावतात, तेव्हा तोच रेडिओ ऐकत वाढलेल्या बायका समोर खुर्च्यांवर बसलेल्या असतात. त्यांना माईक का मिळत नाही, याचं उत्तर या मंडळांनी द्यायला हवं.

एक जागा जवळून बघू. ‘अंदाज’मधलं (१९७१) मोटारसायकलवरचं गाणं प्रत्येक कार्यक्रमात असतंच. मुखडा झकास जातो. मग योडलची जागा येते, आणि पडद्यावर शब्द नसतात. गायक क्षणभर थांबतो, हसतो, माईक प्रेक्षकांकडे धरतो. टाळ्या पडतात, गाणं पुढे सरकतं. गाण्याचा प्राण असलेली जागा अशी रिकामी जाते. योडल म्हणजे छातीतल्या आवाजातून डोक्यातल्या आवाजात घेतलेली उडी, आणि मधली फट मुद्दाम ऐकवायची असते. आपल्याकडे गाणं शिकताना ती फट बुजवायला शिकवतात. साठीनंतर आवाज फुटतो म्हणून ही माणसं संकोचतात; इथे तर फुटलेला आवाजच हवा आहे. रोज दहा मिनिटं ‘ओ’ आणि ‘ई’ यांच्यामध्ये ही उडी घेत राहिलं, तर हौशी गळ्यालाही ती सापडते.

शिवाय योडलशी खानदेशाइतकं जवळचं नातं महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाचं नसेल. किशोरकुमारचा जन्म ४ ऑगस्ट १९२९चा, खंडव्याचा. भुसावळहून रावेर-बऱ्हाणपूर ओलांडलं की खंडवा, आणि आजही ते स्टेशन भुसावळ विभागातच मोडतं. भाऊ अनुपकुमारकडच्या रेकॉर्ड ऐकून किशोर योडल शिकला: अमेरिकेचा जिमी रॉजर्स आणि न्यूझीलंडचा टेक्स मॉर्टन. त्यातला रॉजर्स मूळचा रेल्वेतला ब्रेक्समन. त्याची ओळखच ‘गाणारा ब्रेक्समन’ अशी होती. अमेरिकेतल्या रेल्वे कामगाराचा तो सूर खंडव्याच्या घरात शिरला, मुंबईला गेला आणि सिनेमातून आपल्याकडे परत आला. भुसावळच्या निवृत्त गार्डनं तो चुकवावा, याचं मला वाईट वाटतं.

रेल्वेचीच आणखी एक गोष्ट. ‘जुर्म’मधलं (१९९०) कुमार सानू आणि साधना सरगम यांचं साथ देण्याचं गाणं या मंडळींचं फार लाडकं आहे. लग्नाच्या वाढदिवसाला ते हमखास होतं. त्याची चाल ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स’ या साठच्या दशकातल्या अमेरिकन लोकढंगाच्या गाण्याची. मूळ गाणं घरापासून लांब गेलेल्या, खिशात काही नसलेल्या आणि लाजेनं परतू न शकणाऱ्या माणसाचं. त्यात आगगाडीची शिट्टी आहे. हिंदीत गाडी गेली, शिट्टी गेली, उरल्या त्या जोडप्याच्या आणाभाका. हिंदी गाणं गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जळगावातून सुरत, पुणे, मुंबईला पोटासाठी गेलेल्यांच्या घरात मूळ गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दोन्ही गाणी एकामागून एक गायली, तर ऐकणाऱ्यांच्या हाती केवढं तरी लागेल. इंग्रजी उच्चारांची भीती बाळगू नये. उच्चार थोडा खानदेशी झाला तरी चालेल. वजन शब्दाच्या योग्य भागावर पडलं पाहिजे, एवढंच.

ट्रॅकचा मूळ दोष मात्र सरावानं जाणारा नाही. ट्रॅक गायकाचं ऐकत नाही. तुम्ही अर्धा श्वास थांबलात तर तो थांबत नाही, तुम्ही रंगात आलात तर तो चढत नाही. गणपतीत येणारे ऑर्केस्ट्रे गायकाचं ऐकायचे: ड्रमर गायकाच्या खांद्याकडे बघत वाजवायचा.

असा वाजवणारा माणूस खानदेशात आजही आहे. लग्नाच्या बँडमध्ये. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, साइड ड्रम ही सगळी पाश्चात्त्य वाद्यं घेऊन हे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वराती नाचवत आले. ‘नागिन’ची (१९५४) पुंगी ते अजून वाजवतात, ती मुळात पुंगी नव्हतीच, क्लॅव्हिओलिन या पाश्चात्त्य विद्युतवाद्यावर कल्याणजींनी काढलेला आवाज होता, जोडीला रवी यांची पेटी. डीजे आल्यापासून या बँडवाल्यांची सुगी ओसरली आहे. नाट्यगृहातली हौशी मंडळी त्यांना आपल्यातले मानत नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. शोले, अलबेला, भूत बंगला त्यांच्या बोटांत आहेत. नोटेशन कागदावर नसलं तरी जागा चुकत नाही.

त्यांना बोलवायला एक दिवस अगदी सोयीचा आहे: किशोरचा वाढदिवस. तो नेहमी चातुर्मासात येतो. लग्नं बंद, गणपतीही अजून लांब, बँडवाले रिकामे. त्या दिवशी इथल्या जवळजवळ प्रत्येक मंडळाचा कार्यक्रम असतोच. हॉलचं आणि साउंडचं भाडं भरतातच. त्यात एक ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन आणि एक साइड ड्रमवाला यांची बिदागी घालायची, आठ दिवस आधी तालमीला बोलवायचं, आणि निदान पाच गाण्यांपुरता लॅपटॉप मिटून ठेवायचा.