खडकाला इतिहास आहे, फोडणाऱ्याला नाही

अभ्यासक्रम हीदेखील एक संहिताच असते. कविता, आत्मकथन, कादंबरी यांची समीक्षा आपण हिरिरीने करतो. परंतु आपली मुले परीक्षेसाठी जी संहिता पाठ करतात, जिच्यातून त्यांची जगाकडे पाहण्याची नजर घडते, तिच्याकडे समीक्षक म्हणून आपण क्वचितच पाहतो. प्रस्तुत लेखात महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी होणाऱ्या भूविज्ञानाच्या तोंडओळखीचा विचार करावयाचा आहे. कला शाखेत तिचे नाव ‘प्राकृतिक भूगोल’, विज्ञान शाखेत ‘भूशास्त्र’. हा विचार मावळात उभे राहूनच केला पाहिजे. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांच्या सहली खडक पाहण्यासाठी बोरघाटात, लोणावळा-खंडाळ्यात आणि कार्ले-भाजे परिसरात येतात. शिवाय दख्खनच्या कातळाच्या थरांची जी वर्गवारी जगभरचे भूवैज्ञानिक वापरतात, तिच्यात ‘लोणावळा’ हे एका उपगटाचे नाव असून ‘खंडाळा’ आणि ‘बुशे’ हे त्याचे दोन भाग आहेत.

या विषयाचे मोठेपण आधी निःसंकोच मान्य केले पाहिजे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला भेगा पडून लाव्हा वाहिला, निवाला, पुन्हा वाहिला. थरावर थर चढत सह्याद्रीचा हा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर झाला. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तो म्हणजे एक प्रवाह निवल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी खडक कुजून त्याची माती होण्याइतका गेलेला काळ. हे ज्याला एकदा दरडीत बोट ठेवून दाखविले गेले, तो परशुरामाने बाण मारून समुद्र हटविला आणि कोकणची भूमी मिळविली ही कथा इतिहास म्हणून स्वीकारणार नाही. भूमी कुणा एका वर्णाला देवाकडून मिळालेले दान नव्हे, हे सांगणारे शास्त्र आपल्या विद्यार्थ्याला मुक्तीचेच शास्त्र आहे. म्हणूनच ते अर्धवट शिकविले जाते याचे दुःख अधिक.

अर्धवटपणाचा पहिला पुरावा रचनेतच मिळतो. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या आराखड्यात प्रथम वर्ष कला शाखेला पहिल्या सत्रात प्राकृतिक भूगोल आणि दुसऱ्या सत्रात मानवी भूगोल असे. म्हणजे आधी माणसाविना पृथ्वी शिकावयाची, परीक्षा देऊन ती मोकळी करावयाची आणि मग माणसाकडे वळावयाचे. सत्रे पाडण्याची ही केवळ सोय आहे असे कुणी म्हणेल. परंतु सोयीलाही अर्थ असतो. पहिल्या सत्रात जे येते ते ‘निसर्ग’ ठरते, आणि निसर्गाला जाब विचारण्याची रीत नाही.

दुसरा पुरावा भाषेत आहे. माणूस या अभ्यासक्रमात अगदीच नाही असे नव्हे. खडकांचे उपयोग सांगताना तो चोरपावलांनी येतो. बेसाल्टचा उपयोग बांधकामासाठी केला जातो, दगड फोडून खडी तयार केली जाते, घाटात बोगदे खोदले गेले, अशी वाक्ये पाठ्यपुस्तकी मराठीत सर्रास आढळतात. या वाक्यांना कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता नाही. कर्मणी प्रयोग हा व्याकरणातला निरुपद्रवी प्रकार वाटतो. पण ज्या समाजात काम करणाराचे नाव न घेणे हीच रूढी होती, त्या समाजात हे व्याकरण निष्पाप राहत नाही.

तो कर्ता कोण? वडार समाजातले पोटभेद पाहा. माती वडार, गाडी वडार, पाथरवट वडार. एकाने माती खणायची, दुसऱ्याने दगड फोडून गाडीवर वाहायचा, तिसऱ्याने टाकी लावून जाती-पाटे घडवायचे. ज्या पदार्थाशी ज्याचा घाम जोडला गेला, तो पदार्थच त्याची ओळख झाली. खडकांची वर्गवारी शिकविणाऱ्या तासाला माणसांची ही वर्गवारी दिसत नाही. शासनाच्या यादीत हा समाज आज विमुक्त जातींत मोडतो. त्याच्या पोराने महाविद्यालयात पाऊल ठेवले तर त्याला काय शिकविले जाते? सच्छिद्र बेसाल्ट, अपक्षय, स्तंभाकार जोड. मुरूम कुठे लागेल, मांजऱ्या खडकात पाणी कसे साठते, काळ्या फत्तराला सुतकीचा घाव कोणत्या अंगाने घातला म्हणजे तो सरळ फुटतो, हे त्याच्या घरातले ज्ञान अभ्यासक्रमाच्या लेखी ज्ञानच नाही. पारिभाषिक शब्द शिकविण्याला आमचा विरोध नाही. मुलाला जगाच्या भूशास्त्राशी बोलता आलेच पाहिजे. परंतु ‘स्तंभाकार जोड’ शिकविताना, या फटी ओळखूनच त्यात पहार घालणारा तुझा आजा हे शास्त्र हातांनी जाणत होता, एवढे एक वाक्य गुरुजींनी उच्चारले, तर त्या मुलाची मान वर होईल.

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर सहल थांबते तेव्हा तर ही उणीव डोळ्यांत भरते. सुमारे 124 फूट लांबीचे हे सभागृह अखंड कातळातून कोरून काढले आहे. कोरणाऱ्यांना प्रवाहाचा एकसंध भाग कोणता, भेग कुठून जाते, पाणी कुठून पाझरेल याचा अंदाज असल्याशिवाय हे घडलेले नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची ही भूशास्त्राची प्रयोगशाळाच म्हणावी. आणि त्या भिंतीवरच्या ब्राह्मी लेखांत कोण आहेत? वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचा गंधविक्रेता आहे, यवन आहेत आणि दार घडविणारा सामी नावाचा सुतारही आहे. प्रत्यक्ष कातळ फोडणाऱ्या असंख्य हातांची नावे तिथेही नाहीत, हे खरे. तरीपण एका सुताराला भिंतीवर स्वतःच्या नावाने उभे राहू देणारी ती बौद्ध परंपरा आमच्या अभ्यासक्रमापेक्षा उदार होती असे म्हणावे लागते.

तिथून खाली उतरून घाटाच्या रुळांकडे पाहावे. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. 25 बोगदे याच लाव्हाच्या थरांतून काढले गेले. कामाच्या भरात चाळीस हजारांवर मजूर या उतारावर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने काम तडीस नेले, हे इतिहासाने नावानिशी नोंदविले. पटकीने आणि सुरुंगाने जे मेले त्यांची मोजदाद राहिली. नावे राहिली नाहीत.

मातीच्या प्रकरणाची कथा याहून वेगळी नाही. काळी, तांबडी, बरड असे मृदांचे प्रकार आणि त्यांची कारणे विद्यार्थी लिहितो. परंतु पुणे जिल्ह्यातल्या गावोगाव मातीचे शास्त्र प्रथम पोहोचले ते महाविद्यालयातून नव्हे, साऱ्याच्या मोजणीतून. 1830 च्या दशकात इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसविली, तिच्यात मातीचा रंग, पोत आणि हातात मोजलेली खोली पाहून जमिनीची प्रत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत ठरे. जमिनीचे आणे लिहिले गेले. दोन आण्यांच्या जमिनीवर अमुकच माणसे का, हा प्रश्न मोजणीच्या रकान्यात बसत नव्हता. महार वतन ज्या 1958 च्या कायद्याने संपले, त्याच्या नावातही त्या वतनांना ‘कनिष्ठ’ हेच विशेषण आहे. याउलट जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पाहा. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर वाहून न जाता शेतात मुरावे म्हणून बांध घाला, असे ते 1883 मध्ये सांगतात. आणि त्याच ग्रंथात गायराने वनखात्याने गिळल्याचीही तक्रार करतात. मातीची धूप आणि शेतकऱ्याची लूट त्यांनी दोन सत्रांत वाटली नाही.

आता ज्या प्रकरणात हे वाटप जिवावर बेतते, ते पाहू. प्रकरण आहे उतारांच्या स्थैर्याचे. खाली टणक कातळ, वर कुजलेला मुरूम आणि माती. मुसळधार पावसात पाणी मुरते, वरच्या थराचे वजन वाढते, पकड सुटते आणि डोंगर खाली येतो. ही कारणपरंपरा अचूक आहे. पण 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री बोरघाटाच्या पायथ्याच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली; 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे सापडलीच नाहीत. माळीण महादेव कोळ्यांचे, इर्शाळवाडी ठाकरांची. पाऊस त्या रात्री बंगल्यांवरही पडत होता. मग दरडीखाली आदिवासीच का सापडतो? सपाट भातखाचर कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, वनखात्याची हद्द कुठून सुरू होते, वाडीपर्यंत रस्ता का पोहोचला नाही, हे प्रश्न कातळाच्या प्रश्नाइतकेच त्या उताराचे प्रश्न आहेत. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. यादी करणारे कधीतरी याच अभ्यासक्रमाच्या बाकांवर बसलेले असतात. उत्तरपत्रिकेत ‘नैसर्गिक आपत्ती’ असे लिहिण्याची सवय जिथे लागते, तिथेच अर्धी चौकशी मिटते.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. विज्ञानाचे अभ्यासक म्हणतील, हे समाजशास्त्र आहे. खडकाला जात नसते. अगदी बरोबर, खडकाला जात नसतेच. पण तो कुणी फोडावा, त्याच्या कडेला कुणी राहावे, याला जात आहे. आणि ज्याअर्थी ‘उपयोग’ या मथळ्याखाली माणसाचे श्रम तुम्ही आत घेतलेच आहेत, त्याअर्थी त्या माणसालाही आत घ्या. दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. आपल्या पोरांना दगडधोंडे शिकून काय मिळणार, कायदा शिकावा, राजकारण शिकावे, नोकरी धरावी. हा विचार आम्हाला घातक वाटतो. धरण कुठे, खाण कुठे, पुनर्वसन कुठे हे ज्या अहवालांवरून ठरते, ते अहवाल भूशास्त्राच्या भाषेत लिहिलेले असतात. ती भाषा ज्याला वाचता येत नाही त्याच्या वाडीचा निर्णय दुसराच कुणीतरी घेतो.

म्हणून मागणी साधी आहे. अभ्यासक्रम कमी करू नका, पूर्ण करा. सहलीच्या वहीत खडकाचा नमुना क्रमांक लिहितात, त्याखाली एक रकाना वाढवा: हा दगड कोण फोडतो, त्याला काय म्हणतो, आणि पावसाळ्यात तो कुठे झोपतो. हा रकाना भरण्यासाठी विद्यार्थ्याला खाणीवर जावे लागेल, वाडीवर जावे लागेल, काहींना तर आपल्याच घरी जाऊन विचारावे लागेल. जो विद्यार्थी तो प्रामाणिकपणे भरील, त्याला सह्याद्री खऱ्या अर्थाने वाचता येऊ लागला असे समजावे.