गोदामं सुंदर कधी दिसतात?

आता जरा लंडनच्या वॅपिंगकडे वळू. अमेरिकन चित्रकार व्हिसलर १८५९ मध्ये टेम्सच्या या काठावर मुक्काम ठोकून राहिला आणि तिथल्या धक्क्यांची त्यानं एचिंग्ज केली. ‘ब्लॅक लायन व्हार्फ’ पाहा. पुढं बसलेला माणूस मोजक्या रेघांत. मागच्या इमारती मात्र पाट्यांवरच्या अक्षरांसकट. काम चालू होतं, म्हणून त्या पाट्यांना अर्थ होता.

१९६९ मध्ये लंडन डॉक्स बंद झाले. काठच्या गोदामांत फ्लॅट आले. आजचा चित्रकार त्याच विटा, त्याच याऱ्या रेखाटतो. कांट म्हणतो, सौंदर्याचा आस्वाद निःस्वार्थ असतो. खरंय. पण वस्तूचा उपयोगच संपला की हा निःस्वार्थपणा फार स्वस्तात मिळतो. आणि गंमत बघा, बिल्डर नेमकं तेच देखणेपण महागात विकतो!

म्हणून अशा रेखाटनाला आम्ही एकच प्रश्न विचारतो: इथं कोण राबत होतं, हे या रेघेला ठाऊक आहे का? चित्रात हमाल काढलाच पाहिजे, असं आमचं म्हणणं नाही. पण रिकामा धक्का रिकामा वाटला पाहिजे. नुसता रम्य नव्हे.