उलटवायला आरोपच नव्हता

मांडवा ते भाऊचा धक्का. बोटीत पीडीएफवर ताराबाई शिंदेंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाचून संपवलं. १८८२चं पुस्तक. त्याआधी सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांत चर्चा पेटली ती सगळ्याच बायकांच्या चारित्र्याची. ताराबाई बचाव करत बसत नाहीत. बायकांवरचा एकेक आरोप उचलतात आणि पुरुषांना लावून दाखवतात. पुस्तकाची खरी ताकद ही.

पण ही पद्धत आज एका ठिकाणी अडते. १ जानेवारी २०२२ला ‘बुल्ली बाई’ ॲपवर शंभराहून जास्त मुस्लिम बायकांचे फोटो ‘लिलावा’ला लावले होते. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. तिथे आरोपच नव्हता, नुसती बोली होती. उलटवणार काय?

ॲप गिटहबवर होतं. माझं रोजचं काम तिथेच चालतं. पोलिसांनी पकडलेल्यांत इंजिनीअरिंगचे विद्यार्थी होते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तेव्हा हसण्याचे इमोजी आले. मी वाचले आणि गप्प राहिलो.

ट्रोलिंगवर लिहिताना आपण सल्ला बायकांनाच देतो: ब्लॉक करा, अकाउंट लॉक करा. ग्रुपमधल्या माझ्यासारख्यांना कुणी काही सांगत नाही. ताराबाईंवर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. एकटे फुले पुरले नाहीत.

तो ग्रुप अजून चालू आहे. मीही त्यात आहे.