हे कुणाच्या लग्नाचं?

गेल्या गणपतीत रुस्ताकमधल्या एका घरी आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं जमलो होतो. मुलांसाठी काहीतरी हवं म्हणून मी आदल्या शुक्रवारी वारली चित्रांचा वर्ग घेतला होता आणि त्यातली पंधरा-सोळा चित्रं दोरीला चिमटे लावून हॉलमध्ये टांगली होती. तपकिरी कागद, पांढरा रंग, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल नाचणारी माणसं. इथल्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचं काम करणारे एक गृहस्थ दर्शनाला आले होते. मूळचे डहाणू तालुक्यातले, जातीने वारली. हे मला तोवर माहीत नव्हतं. ते दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरले आणि मला म्हणाले, "ताई, हे कुणाच्या लग्नाचं?"

मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते.

तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाप झालेले नसतील. पण तुम्ही ॲमस्टरडॅमला असा, टोरांटोला असा की दुबईला, मंडळाच्या कार्यक्रमात "लहान मुलांचं काहीतरी घे ना" हे कधी ना कधी तुमच्या गळ्यात पडणारच. आणि तुम्हीही तेच कराल जे मी केलं. इंटरनेटवरून एक वर्कशीट काढाल: एक त्रिकोण सरळ, एक उलटा, वर गोल डोकं, चार काड्या, झाला माणूस. वीस मिनिटांत सहा वर्षांच्या मुलालाही जमतं. आईबाप फोटो काढतात आणि सगळे म्हणतात, बघा, मुलांना आपली कला कळली.

या लेखात मला त्या "आपली" शब्दाशी भांडायचं आहे.

आधी त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ. वारली घरात भिंतीवरचं चित्र हे मुळात लग्नाचं काम. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा आणि गेरूचा हात फिरवायचा, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूची काडी बुडवायची आणि चौक काढायचा. चौक म्हणजे चौकोनी नक्षीची चौकट. तिच्या आत पालघट देवी, आजूबाजूला झाडं, प्राणी, माणसं. शेजारी छोटा देवचौक, त्यात पंचशिऱ्या देव. चौक काढणार सवासिनी, आणि धवलेरी गाणी म्हणणार. म्हणजे हातही बायकांचे आणि आवाजही बाईचा. चौक नाही तर लग्न नाही. आमच्या दोरीवर नाच होता, तारपा होता, मोर होते, एका मुलीने तर सेल्फी काढणारी वारली बाईसुद्धा काढली होती. चौक एकातही नव्हता. माझ्या वर्कशीटमध्येच नव्हता.

मग ही चित्रं कागदावर कशी आली? इथे दोन माणसांची नावं मुलांना सांगायलाच हवीत. पहिले भास्कर कुलकर्णी. स्वतः चित्रकार. १९६०च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेला पाठवलं होतं, तिथल्या बायकांना कागद देऊन चित्रांतून चार पैसे मिळवता यावेत म्हणून. पुढे १९७०च्या सुमारास ते डहाणूकडे आले आणि तिथेही त्यांनी कागद दिला. दुसरं नाव गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. त्यांची गोष्ट अशी सांगितली जाते की लहानपणी आई गेली, त्यानंतर हा मुलगा बोलेनासा झाला आणि जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगू लागला. मोठा झाल्यावर त्याने बायकांचं काम हातात घेतलं, तेही लग्न नसताना, रोज, केवळ काढावंसं वाटतं म्हणून. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये निधन.

या माणसाला कुठल्या कप्प्यात टाकाल? कलेच्या जगात दोन कप्पे तयार असतात. एक लोककला: ती समूहाची, परंपरेची, करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. दुसरा आउटसायडर आर्ट, हा शब्द रॉजर कार्डिनल यांनी १९७२ मध्ये त्याच नावाच्या पुस्तकातून रुळवला. त्याआधी फ्रान्समध्ये ज्याँ द्युब्युफे त्याला आर्ट ब्रूत म्हणत. ना शाळा, ना गुरू, ना बाजार, एकटा माणूस आपल्या धुंदीत काहीतरी घडवतो, ते या कप्प्यात. आपल्याकडचं लगेच आठवणारं नाव म्हणजे चंदीगडचे नेकचंद. सरकारी खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. सुटीच्या वेळेत, परवानगी न घेता, सरकारी जंगलात फुटक्या बांगड्या, फरशा आणि बेसिनांचे तुकडे जमवून त्यांनी गुपचूप एक नगरीच उभी केली. जवळजवळ दोन दशकांनी ती उघडकीस आली आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुली झाली. मुलांना ही गोष्ट भयंकर आवडते. का आवडते ते उघड आहे: एका मोठ्या माणसाने न विचारता काहीतरी केलं आणि शेवटी त्याला कुणी रागावलं नाही.

पण जिव्या म्हसे? समूहाची भाषा, आणि ती एकट्याने, नियम मोडून बोलणारा माणूस. दोन्ही कप्प्यांतून ते बाहेर सांडतात. मला वाटतं, मुलांना शिकवताना हे सांडणंच कामाचं आहे. वर्कशीट आपल्याला नेमकं उलटं शिकवतं: "वारली लोक असं काढतात." कोण वारली लोक? कधी? कशासाठी?

त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं मिळाली तर फोनवर नको, मोठ्या पडद्यावर बघा. जवळपास सगळी चौकट जाळ्याने भरलेली. बारीक, थरथरती, न थकणारी रेघ, हजारो चौकड्या, त्यांत अडकलेले इवलेसे मासे, आणि कुठेतरी कडेला जाळं धरलेली माणसं. त्रिकोणांची माणसं शोधायला गेलात तर हाताशी फारसं काही लागत नाही. नक्कल करायला सोपं असं त्यात काही नाहीच, त्यामुळे मुलांना नुसतं बघावं लागतं. गणपतीनंतरच्या शुक्रवारी मी हे चित्र लावलं आणि कुणालाही कागद दिला नाही. पहिली पाच मिनिटं कुरकुर झाली. मग एक नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "हे हलतंय." तो बरोबर होता. रेघ सरळ नाही म्हणूनच ते पाण्यात असल्यासारखं वाटतं. वर्कशीटवरचा त्रिकोण पट्टीने काढलेला असतो, तो कधीच हलत नाही.

आता पुस्तकांकडे. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये काढलेलं 'डू!' तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. रमेश आणि रसिका हेंगडी, शांताराम आणि कुसुम धडपे यांची वारली चित्रं, तपकिरी कागदावर पांढऱ्या शाईने हाताने छापलेली, आणि प्रत्येक चित्राला एक क्रियापद. कल्पना फार चांगली आहे, कारण वारली चित्र खरोखर क्रियापदांचंच बनलेलं असतं. त्यात माणूस नुसता उभा फारसा दिसत नाही. तो दळतो, चढतो, ओढतो, नाचतो. परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी क्रियापदं शिकवायला मी हे पुस्तक वापरते. चित्र बघून "पाखडणं" आणि "झोडपणं" यांतला फरक विचारा, आणि कुणाच्या आजीला फोन करावा लागतो ते बघा. चित्रकारांची नावं छापलेली आहेत, हेही महत्त्वाचं. माझी तक्रार एवढीच की या गावात कर्ज नाही. सगळे राबतात, पण कुणासाठी राबतात ते दिसत नाही.

लहान मुलांच्या पुस्तकात कर्ज कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे मी रुस्ताकला येण्याआधी, नेदरलँड्समध्ये पीएचडी करताना पहिल्यांदा वाचलं. लाज वाटते, पण ठाण्यात वाढूनही त्याआधी ते हातात आलं नव्हतं. त्यात लग्नगडी भेटतो. लग्नाला पैसे नाहीत म्हणून जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. बहुतेकांचं ते फिटायचंच नाही, आणि नवऱ्याबरोबर बायकोही त्यात बांधली जायची. १९४५ मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उठले ते ही वेठ आणि हे गडीपण मोडायला. म्हणजे बघा, चौक काढायचा तो लग्नासाठी, आणि लग्नच माणसाला गहाण टाकायचं. भिंतीवरचं ते पांढरं चित्र आणि वहीतला तो काळा आकडा एकाच दिवसाचे. हे कळल्यावर तारप्याचा गोल मला "आनंदी आदिवासी" म्हणून मुलांपुढे ठेवता येईना. त्या नाचातला आनंद खोटा नव्हता, पण तो कशाच्या शेजारी होता तेही सांगायला हवं. आखातात वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला कर्ज म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या फोनवरच्या बोलण्यातून त्याला ते आधीच कळलेलं असतं.

म्हणून "आपली" शब्द खुपतो. ठाण्या-पुण्यातल्या आपल्या घरांचा वारली माणसांशी संबंध काय होता? कुणाची जमीन होती, कुणी वीटभट्टीवर आणलं, कुणाकडे घरकामाला होते. परदेशात आलो की हे सगळं पुसून ती चित्रं "महाराष्ट्राची संस्कृती" म्हणून आपण दिवाणखान्यात टांगतो. मुलगा विचारतो, हे आपण काढतो का? आपण म्हणतो, हो. हे "हो" खोटं आहे. "नाही, हे त्यांचं आहे, त्यातल्या या माणसाचं नाव हे, आणि त्याने आपल्याला बघायला दिलंय", इतकं लांब उत्तर मुलं सहज ऐकून घेतात. मोठ्यांचाच घसा कोरडा पडतो.

नाव नसणं हेही सगळीकडे सारखं नसतं. मी इथे फलजवर, म्हणजे डोंगरातलं पाणी उताराने गावात आणणाऱ्या जुन्या कालव्यांवर, पोस्टडॉक करते. रुस्ताकचा फलज अल-मुयस्सर २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या कामानिमित्त हिंडताना अवाबीजवळच्या वादी बनी खरूसमध्ये खडकांवर कोरलेली चित्रं दिसली. घोड्यावर, उंटावर बसलेली माणसं, काड्यांसारखी, भरधाव. एका शुक्रवारी मुलांना तिथे नेलं. "हे पण वारली!" अशी आरोळी उठली, आणि मला पुढच्या तासाचा विषय मिळाला. इथे कोरणाऱ्याचं नाव काळात गेलं आहे, विचारायला कुणी उरलं नाही. वारली चित्रकार मात्र आज फोनवर मिळतात. त्यांना बिननावाचं ठेवणं ही आपली निवड आहे. हा फरक सात वर्षांच्या मुलीलाही कळला. तिने विचारलं, "मग आपल्या शीटवर नाव का नव्हतं?"

नक्कल करू द्यायचीच नाही का मग? करू द्या, हात वळण्यासाठी नकलेइतकं चांगलं काही नाही. पण उचलायला त्रिकोणापेक्षा मोठी गोष्ट आहे आणि ती मला मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या भज्जू श्याम यांच्याकडे सापडली. हे गोंड चित्रकार. २००२ मध्ये लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला गेले आणि परतल्यावर 'द लंडन जंगल बुक' (२००४) केलं. त्यात विमान म्हणजे उडणारा हत्ती. ठरलेल्या वाटेने येणारी बस म्हणजे इमानी कुत्रा. बिग बेन आणि कोंबडा एकमेकांत मिसळलेले, कारण गावात वेळ कोंबडा सांगतो. इंग्रज लोक वटवाघळं, संध्याकाळ झाली की पबमध्ये जमणारी. आपण परदेशी गेलेल्यांनी किती प्रवासवर्णनं लिहिली, पण त्यांतल्या बहुतेकांत आपण चकित होऊन बघतो, नाहीतर नाकं मुरडतो. भज्जू श्याम लंडनला आपल्या जंगलाच्या हिशेबात बसवतात, तेही न चिडता. तुम्ही ज्या शहरात राहता त्याकडे तुम्ही असं कधी पाहिलंय? मी नव्हतं.

तर शेवटच्या वर्गात मुलांना सांगितलं, गोंड रेघ नको, वारली त्रिकोण नको, तुम्हाला येईल तसं काढा: रुस्ताकमधली कुठली गोष्ट कुठला प्राणी आहे? पाण्याचा टँकर गाय झाला, गल्लोगल्ली दूध घालणारी. किल्ला झाला झोपलेलं कासव. ऐन अल-कस्फाचा गरम झरा म्हणजे ताप आलेला मासा. एका मुलीने वडिलांचं रेसिडेंट कार्ड काढायला घेतलं आणि बराच वेळ तिला प्राणी सापडेना. शेवटी तिने त्याला पक्ष्याचे पाय काढले आणि पंख तसेच सोडून दिले. मी काही विचारलं नाही.

त्या गृहस्थांना मी दिवाळीच्या सुमारास परत भेटले. मुलांना चौक काढून दाखवाल का, असं विचारलं. ते म्हणाले, "मी नाही काढत, ताई. आई काढायची." मग थोडं थांबून म्हणाले की पुतणीचं लग्न मे महिन्यात आहे, रजा मिळाली तर जाणार आहेत, आणि भिंत आता सिमेंटची आहे, पण चौक निघेल. मुलांना फोनवर दाखवायला चालेल का, हे मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, घरच्या बायकांना विचारून सांगतो.

अजून उत्तर आलेलं नाही.